आलेख Y-अक्षाला छेदत नाही

३ एप्रिल, बुधवार

चूक आहे! नमुना उत्तरातच चूक आहे. आधी वाटलं, माझंच डोकं फिरलंय. सकाळपासून बारावीच्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यात मान घालून बसलं की स्वतःचं नावसुद्धा चुकीचं लिहिलंय असं वाटायला लागतं. म्हणून उठले, तोंड धुतलं, परत येऊन कोऱ्या कागदावर सोडवलं. चूक आहेच.

पाच गुणांचा प्रश्न. f(x) = x³ − 5x² + 6x या बहुपदीचा आलेख दोन्ही अक्षांना कुठे छेदतो ते शोधा आणि कच्चा आलेख काढा. सोपा, देखणा प्रश्न. x सामाईक काढायचा, उरलेल्याचे अवयव पाडायचे: x, (x − 2), (x − 3). यातला कुठलाही एक शून्य झाला की सगळा गुणाकार शून्य. म्हणजे X-अक्षावर तीन जागा — ०, २ आणि ३. Y-अक्षासाठी तर अवयवही नकोत. x च्या जागी शून्य ठेवायचं, काय येतं ते बघायचं. शून्यच येतं. आलेख आरंभबिंदूतून जातो. झालं!

आणि आम्हा सगळ्या परीक्षकांना वाटलेल्या छापील उत्तरात? समीकरणाला थेट x ने भागून टाकलंय! भागताना x शून्य असू शकतो हे गेलं वाऱ्यावर. उरले फक्त (२, ०) आणि (३, ०). खाली ठळक अक्षरांत: 'स्थिर पद नसल्यामुळे आलेख Y-अक्षाला छेदत नाही.'

खिशात काही नाही, म्हणून खिसाच नाही म्हणायचं! स्थिर पद लिहिलेलं नसतं तेव्हा ते शून्य असतं. बहुपदी म्हटली की ती Y-अक्षाला एका जागी छेदणारच, तिची सुटका नाही. शेजारची आकृती तर बघवत नाही. वक्र Y-अक्षाच्या थोडा उजवीकडे, हवेतच सुरू होतो. कुठून आला? कुणास ठाऊक. आभाळातून पडला.

डबा खाताना भोवऱ्याला दाखवलं. (भोवरा म्हणजे आमच्याच कॉलेजातली, वर्षानुवर्षं माझ्या शेजारच्या खुर्चीवर. एका जागी टिकेल तर शपथ, म्हणून नाव मीच ठेवलेलं.)

'कुठल्या महापुरुषाने लिहिलंय गं हे?'

'पुरुषच कशावरून?'

'बाईची एवढी छाती नाही व्हायची!'

हसलो दोघी. मग मी उभी राहून व्याख्यानाच्या सुरात ते वाक्य वाचून दाखवलं — 'स्थिर पद नसल्यामुळे, विद्यार्थी मित्रहो...' टेबलावरचे सगळे हसले. चष्मेवाल्या सरांना तर ठसका लागला. भोवऱ्याने त्यांना पाणी दिलं.

उत्तर कोण काढतं ते आम्हाला कळवत नाहीत. बरंच आहे. कळलं असतं तर तोंडावर हसले असते. 

४ एप्रिल, गुरुवार

मुख्य परीक्षक सरांना सांगितलं. त्यांनी कागद हातातसुद्धा घेतला नाही. 'मॅडम, निम्मे गठ्ठे तपासून झालेत. निकालाची तारीख मी नाही ठरवत.' मी म्हटलं, सर, चूक तर चूकच ना. म्हणाले, 'उद्याच्या बैठकीत मांडा. तोवर दिलंय त्याप्रमाणे गुण द्या.'

दिलंय त्याप्रमाणे! म्हणजे ज्याने बरोबर लिहिलं त्याचे तीन गुण कापा — एक X-अक्षावरच्या शून्याचा, एक Y-अक्षाचा, एक आकृतीचा. आज एक उत्तरपत्रिका आली, अक्षर किडामुंगीचं. त्या मुलाने (की मुलीने) x = 1 ठेवून २ काढलेत, x = −1 ठेवून उणे १२. वक्र खालून वर येतो, आरंभबिंदूतून निघून वर चढतो, २ पाशी खाली उतरतो, ३ पाशी पुन्हा वर. शून्यापाशी एवढासा गोल, आत ठिपका. एवढी निगुतीने काढलेली आकृती मी लाल पेनने कापायची? नाही कापली. गठ्ठा बाजूला ठेवला.

भोवरा म्हणाली, 'तू पण ना! पाट्या टाकाव्यात आणि घरी जावं.'

'मला नाही जमत.'

'माहितीये. तुझा जन्मच त्यासाठी.' मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता — 'उद्या बोल तू. मी आहे.'

मी आहे. दोनच शब्द. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. अख्ख्या हॉलमध्ये मी एकटीच दीडशहाणी, असं वाटत होतं.

संध्याकाळी ताईचा फोन, तिच्या हातून भाचीने ओढून घेतलेला. 'मावशी, त्या x³ वाल्यात Y-अक्षावर (०, ०) च ना? मी तेच लिहिलंय!'

'बघू,' म्हटलं आणि फोन ठेवला.

भाची यंदा परीक्षेला आहे हे लपवलेलं नाही. परीक्षकाच्या हमीपत्रात 'स्वतःचे अपत्य' एवढंच विचारतात. भाचीचा रकाना नाही. तरीही वशिल्याचा वास नको म्हणून वर्षभर तिला गणित मी शिकवलं नाही. भोवऱ्याच्या रविवारच्या शिकवणीला घातलं. ताई तेव्हा म्हणाली होती, 'घरात विहीर आणि आम्ही पाणी विकत आणायचं!' भाचीच्या परीक्षा केंद्राचे गठ्ठे आमच्याकडे येत नाहीत, हेही खात्री करून घेतलं होतं. सगळं केलं. पण आता मला माहीत आहे की चूक दुरुस्त झाली तर तिला तीन गुण जास्त मिळतील. वास्तुरचनेच्या प्रवेशाला तीन गुण म्हणजे फार झाले.

मी चूक तिच्या फोनच्या आधी पकडली. हे खरं. पण तिने वेगळं उत्तर लिहिलं असतं, तर उद्या मी उभी राहिले असते का?

हो.

'हो' लिहायच्या आधी पेन थांबलं होतं. तेही लिहून ठेवते.

५ एप्रिल, शुक्रवार

लिहायचं नव्हतं. तरी लिहिते.

सकाळी हॉलबाहेर भोवऱ्याला भाचीच्या फोनचं सांगितलं. मनावर ओझं नको म्हणून. म्हटलं, मी बैठकीत स्वतःच हे जाहीर करू का? ती म्हणाली, 'वेडी आहेस का? आधी गणित मांड. बाकीचं नंतर बघू.' मी तिचं ऐकलं. तिचं ऐकलं!

बैठक. फळ्यावर सोडवून दाखवलं. सगळ्यांना पटलंय हे चेहऱ्यांवर दिसत होतं — आणि फेरतपासणीचे दिवसही दिसत होते. मी म्हटलं, 'हे फक्त माझं मत नाही, आम्ही दोघींनी पडताळलंय,' आणि भोवऱ्याकडे पाहिलं.

ती लाल पेनांची टोपणं ओळीने लावत होती.

मुख्य परीक्षक म्हणाले, 'मॅडम, एक विचारू? तुमची भाची यंदा परीक्षेला आहे ना?'

'आहे.'

'आणि या प्रश्नाचं तिने काय उत्तर लिहिलंय, तेही तुम्हाला ठाऊक आहे म्हणे.'

म्हणे! हे मी एकाच माणसाला सांगितलं होतं. तासाभरापूर्वी. हॉलबाहेर, खिडकीशी.

मी भोवऱ्याला विचारलं, सगळ्यांसमोर, 'तू काहीच बोलणार नाहीस?' ती म्हणाली — टोपणांकडेच बघत — 'मला वाटतं, या पातळीवर दिलेलं उत्तर चालण्यासारखं आहे.'

चालण्यासारखं. कशाने चालतं? काठी टेकत?

चष्मेवाले सर घसा खाकरले. काहीतरी बोलतील वाटलं. त्यांनी खडूची पेटी सरकवली फक्त.

केसाने गळा कापणं म्हणजे काय ते आजवर नुसतं बोलण्यात वापरत होते.

६ एप्रिल, शनिवार

फोन केला. उचलला नाही. पुन्हा केला. कापला.

८ एप्रिल, सोमवार

तपासणीच्या कामातून मुक्त केल्याचा आदेश. 'चौकशी पूर्ण होईपर्यंत.' माझं ठीक आहे. पण खाली दुसरं वाक्य: 'संबंधित विद्यार्थिनीचा निकाल राखून ठेवण्यात येईल.'

संबंधित विद्यार्थिनी! तिने काय केलंय? प्रवेशाची पहिली यादी निकालाबरोबरच लागते. निकाल राखीव राहिला तर वर्ष जाईल पोरीचं.

ताईकडे जाऊन सांगितलं. ती भाजी निवडत होती. निवडलेली आणि न निवडलेली एकत्र करून टाकली. म्हणाली, 'तुला कुणी सांगितलं होतं गं नको तिथे शहाणपण करायला?'

'ताई, उत्तर चुकीचं होतं.'

'असू दे ना चुकीचं! जग काय बरोबर उत्तरांवर चाललंय?'

भाची आतून आली. माझ्या शेजारी बसली आणि आईने एकत्र केलेली भाजी पुन्हा वेगळी करायला लागली. गुणी पोर.

१० एप्रिल, बुधवार

नवरा मला हसवायला बघतोय. 'एवढं काय त्या शून्यासाठी? आपल्याकडे भरपूर आहेत. माझ्या प्रगतिपुस्तकातली देतो.' हसले. मग रडले. तो बिचारा टॉवेल घेऊन उभा — रुमाल सापडेना म्हणे.

मग गंभीरपणे म्हणाला, 'तिने का केलं असेल?'

तेच कळत नाही. पुढच्या वर्षी उपमुख्य परीक्षक नेमायचा आहे, हे कारण असेल? ती अशी नाही. नाही? माझ्या आईच्या आजारपणात महिनाभर माझे तास घेतले होते हिने. प्राचार्यांना पत्ता लागू दिला नाही. तीच ही.

रागापेक्षा हे जास्त छळतं. मला माणूस ओळखता येत नाही, याची लाज वाटते. आलेखाचं बरं असतं. छेदबिंदू काढायचे, दोन बिंदूंच्या मधली एखादी किंमत घालून बघायची. धन आली तर वक्र अक्षाच्या वर, ऋण आली तर खाली. मधे काय चाललंय ते कळतं. माणसाच्या बाबतीत मधली किंमत कुठे घालून बघायची?

वाक्य जरा नटवं झालं. असू दे.

१५ एप्रिल, सोमवार

कॉलेजात गेले. शिक्षकखोलीत तिची खुर्ची माझ्या शेजारी नाही! खिडकीकडच्या टेबलाला नेलीय. 'इकडे उजेड बरा आहे,' असं शिपायाला सांगितलं म्हणे.

मधल्या सुट्टीत गाठलं. खोलीत आम्ही दोघीच.

'सरांना तूच सांगितलंस ना?'

'हो.'

इतकं सरळ 'हो' येईल असं वाटलं नव्हतं. मी तयारी करून आलेले सगळे प्रश्न गळून पडले.

'का?'

'तू थांबावंस म्हणून.'

'मी का थांबायचं? चुकीचं होतं ते!'

'हो गं बाई, होतं चुकीचं! कळलंय मला. सगळ्या जगाला कळलंय.' तिचा आवाज फाटला. 'तुझं एकदा सुरू झालं की समोर कोण आहे ते तरी बघतेस का तू?'

'उलट मलाच? चोराच्या उलट्या बोंबा!'

चोर म्हटल्यावर ती पांढरी पडली. वह्या उचलून तासाला गेली. तिचा तास नव्हता या वेळी.

घरी येताना स्वतःला विचारत होते — चोर म्हणायला नको होतं का? म्हटलं ते बरोबरच. पण माझा आवाज मला आवडला नाही.

१६ एप्रिल, मंगळवार

नाही. म्हटलं ते बरोबरच म्हटलं.

२२ एप्रिल, सोमवार

चौकशी समितीचं बोलावणं, शुक्रवारचं. भाचीची उत्तरपत्रिका मागवून सगळ्यांसमोर उघडणार आहेत. म्हणजे त्या पानावर (०, ०) दिसणार आणि माझ्या बोलण्यामागचा 'हेतू' सिद्ध होणार.

नवरा म्हणतो, 'फोनचं कबूल करू नकोस. ती सहज बोलली असेल, तू विसरली असशील.' नाही. झालं तसं सांगेन. चूक कधी पकडली, फोन कधी आला, सगळं ओळीने. गणित खरं आहे आणि माझी भाची त्यात फायद्यात आहे. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. हे समितीला पटेल का? मला पटलंय का?

२६ एप्रिल, शुक्रवार

समितीच्या अध्यक्ष निवृत्त प्राध्यापिका. पांढरे केस, स्वेटर, बोलणं मोजकं. मुख्य परीक्षक होते. भोवराही होती, दाराजवळच्या खुर्चीत. आज मात्र जागची हलत नव्हती.

मी सगळं सांगितलं. भाचीने फोनवर (०, ०) लिहिल्याचं सांगितलं, हेही.

बाई म्हणाल्या, 'बरं. बघू या.' लिफाफा फोडला, पानं उलटली, थांबल्या. मग उत्तरपत्रिका माझ्याकडे फिरवली.

भाचीचं गोलगोल अक्षर. x ने भागलेलं. (२, ०), (३, ०). खाली: 'स्थिर पद नसल्यामुळे आलेख Y-अक्षाला छेदत नाही.'

(०, ०) कुठेच नाही. खाडाखोडही नाही.

'म्हणजे दुरुस्तीने तुमच्या भाचीचे गुण वाढणार नाहीत,' बाई म्हणाल्या. 'उलट कमी होतील. पाचाचे दोन. हेतूचा मुद्दा इथे संपला.' मुख्य परीक्षक छताकडे बघायला लागले. मग बाईंनी चष्मा काढला. 'आता मी एकच विचारते. उत्तर चुकीचं आहे हे तुमचं म्हणणं अजून कायम आहे?'

ताईची ती भाजी डोळ्यांसमोर आली. प्रवेशाची यादी आली. 'या पातळीवर चालण्यासारखं' हे शब्दसुद्धा जिभेपर्यंत आले — हो, आले! मीसुद्धा.

'कायम आहे,' म्हटलं.

बाईंनी मान डोलावली. सगळ्या केंद्रांवर त्या प्रश्नाची फेरतपासणी होणार. भाचीचा निकाल सोडणार. मी जिंकले. असं म्हणायला हरकत नाही.

पण पूर्ण लिहिते, निदान इथे तरी. ते वाक्य. शब्दन् शब्द तेच, नमुना उत्तरातलं. एखादा शब्द इकडचा तिकडे नाही. आणि आकृतीतला वक्र Y-अक्षाच्या थोडा उजवीकडे, हवेतच सुरू झालेला. तसाच! चूक कुणीही करेल. इतकी तंतोतंत तीच चूक कशी करेल?

भाचीने ते उत्तर परीक्षेच्या आधी पाहिलं होतं का? कुणी दाखवलं? ताईने कुठून मिळवलं? घरी आल्यावर बरोबर उत्तर कळलं, म्हणून मला फोनवर (०, ०) सांगितलं?

हे मी समितीला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. भोवऱ्याला गप्प बसल्याबद्दल तीन आठवडे शिव्या घालणारी मी मूग गिळून बसले.

२७ एप्रिल, शनिवार

ताईला फोन. आधी उत्तरपत्रिकेत काय निघालं ते सांगितलं. 'म्हणजे तिचेच गुण जाणार? तुझ्यामुळे?' मी म्हटलं, माझ्यामुळे नाही. मग विचारून टाकलं — सरळ नाही, आडून आडून. परीक्षेच्या आधी तिला कुणी काही दाखवलं होतं का... म्हणजे काही कागद वगैरे...



'तू माझ्या पोरीला चोर म्हणतेयस?'

'चोर नाही म्हटलं, ताई.'

'मग काय म्हटलंस? गणितात सांग, तुला तेच कळतं.'

मागून भाचीचा आवाज आला — 'काय म्हणतेय मावशी?' ताई तिला म्हणाली, 'तुझी मावशी विचारतेय, पेपर कुठून चोरलास.'

फोन बंद.

असं नव्हतं विचारलं मी! असंच विचारलं होतं.

३० एप्रिल, मंगळवार

भाचीला निरोप पाठवला. वाचला. उत्तर नाही.

६ मे, सोमवार

निकाल. प्रवेशाच्या पहिल्या यादीत भाचीचं नाव नाही. दोन गुणांनी हुकलं. तीन गुण गेले नसते तर नाव असतं. वजाबाकी मीही करू शकते आणि तीही. दुसरी यादी लागेल आठवड्याभराने, लागली तर.

कॉलेजात चष्मेवाले सर सगळ्यांसमोर हात मिळवून गेले. 'मानलं तुम्हाला! तत्त्व म्हणजे तत्त्व.' बैठकीत कुठे गेला होता हा हात? चहा पाजत होते, नको म्हटलं.

किडामुंगीच्या अक्षरातली ती उत्तरपत्रिका आठवली. त्या पोराला किंवा पोरीला तीन गुण मिळाले असतील. मिळालेच असतील. एखादं नाव त्या यादीत माझ्यामुळे आहे. हे खरं आहे आणि आज त्याचा काडीचा उपयोग नाही.

मला प्रत्येकाने फसवलं. मैत्रिणीने पदासाठी, बहिणीने पोरीसाठी, पोरीने... तिने का, ते कळत नाही. त्या दिवशी भाजी वेगळी करत माझ्या शेजारी बसलेली ती. तेव्हाही तिला माहीत होतं आपण काय लिहिलंय! आणि मी मनात म्हणत होते, गुणी पोर.

११ मे, शनिवार

दुपारी बेल वाजली. भोवरा. आत आली नाही.

'उद्यापर्यंत सगळ्यांना कळेल. त्याआधी तुला सांगायला आले. ते उत्तर मी काढलं होतं.'

मी दार धरून उभी.

'पहिल्याच दिवशी सांगणार होते. डबा खाताना तोंड उघडणार, तेवढ्यात तू वाचून दाखवायला लागलीस. सगळे हसले. मग नाही जमलं.' जिन्याच्या कठड्यावरची धूळ बोटाने पुसत होती. 'शिकवणीतही मी तसंच शिकवत आले. ते वाक्य मुलांकडून घोकून घेते. आकृतीसकट. तुझ्या भाचीकडूनसुद्धा घेतलं. पोरीने शिकवलं तस्सं लिहिलं गं. पेपरनंतर मैत्रिणींकडून खरं उत्तर कळलं. तुला सांगायची लाज वाटली तिला. काल माझ्याकडे येऊन रडली.'

गेली. 'आत ये' म्हणायला हवं होतं, हे तिची पावलं खालच्या मजल्यावर पोचल्यावर सुचलं.

मग ताईच्या घरी फोन लावला. भाचीनेच उचलला.

'बोल,' म्हणाली. मावशी नाही, काही नाही. नुसतंच 'बोल'.